बदलीची खूण

मी अमेरिकेला जाऊन नायगरा न बघता परत आले, हे कळल्यापासून आमच्या कॉलनीतल्या बायका माझ्याकडे जरा दयेनेच बघतात. "मग दोन महिने बघितलं तरी काय?" असं शेजारच्या जोशी वहिनींनी विचारलं, तेव्हा मी खरं तेच सांगितलं. बर्फ बघितला, मुलाच्या घराचं तळघर बघितलं आणि बास्केटबॉलची एक मॅच बघितली. "मॅच काय, इथेही होतात," म्हणून त्यांनी विषय गवारीच्या शेंगांकडे वळवला.

त्यांचं काही चूक नाही. मॅच इथेही होतात. नागपूरच्या एका मुलींच्या शाळेत मी उभं आयुष्य खेळ शिकवण्यात घालवलं आणि तिथल्या सिमेंटच्या कोर्टावर किती मॅचेसना शिटी वाजवली याची मोजदाद नाही. पण पार्सिपनीजवळच्या एका कॉलेजात मी जे बघितलं ते अजून घशाखाली उतरत नाही, म्हणून लिहायला बसले. ज्यांना नायगऱ्याचं वर्णन हवं असेल त्यांनी दुसऱ्या कुणाचं वाचावं, पुष्कळ मिळेल.

रिक नावाचं इथे कुणी नाही

माझा मुलगा हृषीकेश न्यू जर्सीत पार्सिपनीला राहतो. तो आणि सून मुग्धा दोघंही कॉम्प्युटरच्या नोकरीत आहेत. शहाणे आईवडील उन्हाळ्यात जातात. मी ऐन थंडीत गेले. त्याचे बाबा दिवाळीच्या तोंडावर वारले आणि हृषी येऊ शकला नाही. तो येऊ शकत नव्हता म्हणून मी गेले, इतकं ते साधं आहे.

येऊ का शकला नाही, तर व्हिसा. जुना संपलेला, नव्याचं घोंगडं भिजत पडलेलं, आणि मध्येच देशाबाहेर पाऊल टाकलं तर परत आत घेतील याची खात्री नाही. त्याच्या वकिलाचा सल्ला एका वाक्याचा होता: ट्रॅव्हल करू नका. मग माझ्या पुतण्यानं घाटावर फोन धरला आणि हृषीनं पार्सिपनीच्या स्वयंपाकघरात उभं राहून हात जोडले. मी जन्मभर पोरींच्या अंगावर ओरडत आले, "ट्रॅव्हलिंग! ट्रॅव्हलिंग!" बॉल हातात धरून, टप्पा न मारता पावलं टाकली की आमच्या खेळात तो नियमभंग होतो आणि बॉल काढून घेतात. माझ्याच पोराच्या नशिबी नेमका हा नियम यावा याचं मला हसूही आलं आणि संतापही.

पोचले त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरात एकटी असताना बेल वाजली. दारात लाल दाढीचा एक आडदांड माणूस, शेजारी गवत कापायच्या यंत्रासारखं काहीतरी चाकांवर उभं. "रिक आहे का?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, रिक नावाचं इथे कुणी नाही. त्यानं दारावरचा नंबर पुन्हा वाचला, मी पुन्हा मान हलवली आणि दार लावून घेतलं. आईचं काम चोख.

संध्याकाळी हृषी बर्फात फावडं मारून मारून घामाघूम होऊन आत आला. "आई, अगं तो नेबर होता! मशीन द्यायला आला होता बर्फ काढायचं. तू त्याला परत पाठवलंस?"

"तो रिकला विचारत होता."

"मीच रिक!"

"तू केव्हापासून रिक?"

"अगं, इथे कुणाला हृषीकेश म्हणता येत नाही यार. कॉलवर दर वेळी स्पेलिंग सांगत बसायचं. रिक इझी पडतं सगळ्यांना."

त्या नावासाठी मी आणि त्याचे बाबा बारशाच्या आदल्या दिवसापर्यंत भांडलो होतो. त्यांना 'अमोल' हवं होतं. मीच जिंकले, आणि ते जिंकलेलं नाव तिथे कॉलवर अडचणीचं ठरलं म्हणून ठेवून दिलेलं होतं. मी उठले. पोळ्या लाटायला घेतल्या.

तळघरातली पोरगी

तळघराच्या दारातून मान वाकवून एक उंच मुलगी वर आली, तेव्हा मी चहा गाळत होते. "आई, घाबरू नका, ही आपली टेनंट," मुग्धा म्हणाली. "फ्रेंच आहे. कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये आहे." मी आधी पोरीचे गुडघे बघितले. ती आमच्या धंद्यातली खोड आहे. डाव्या गुडघ्यावर उभा व्रण होता.

तिचं नाव ओरेली. फ्रान्सच्या मध्यावर कुठेतरी लहानसं गाव, तिथे आई पोस्टात नोकरीला, वडील नाहीत. घरात सगळे मला 'आई' म्हणतात, तेव्हा तिला ते माझं नावच वाटलं, आणि ती खो-खो हसत सुटली. तिच्या भाषेत दुखलं-खुपलं की 'आय!' असं ओरडतात. "आमच्यातही," मी म्हटलं. "कुठे ठेच लागली की आईच आठवते." त्या दिवसापासून आमची गट्टी जमली. तिची-माझी इंग्रजी सारखीच मोडकी होती, त्यामुळे गाडी मस्त चालायची. मुग्धाशी बोलताना मात्र दोघींनाही धाप लागायची.

अमेरिकेतल्या ब्रेडबद्दल आमचं एकमत होतं. ती म्हणायची, हा ब्रेड नाही, उशी आहे. मी म्हणायचे, आणि हा चहा नाही, भांडी विसळलेलं पाणी आहे. एकदा मी गोळाभात केला. वरून कडकडीत फोडणीचं तेल घातलेलं बघून ती आधी घाबरली, मग तिसऱ्यांदा घेतला. त्याच शनिवारी मुग्धा आम्हा दोघींना मंडळाच्या हळदीकुंकवाला घेऊन गेली. फेब्रुवारी अर्धा झाला होता, पण तिथे संक्रांत सूर्यावर अवलंबून नसते, हॉल मिळण्यावर असते. पैठण्यांवर जाड कोट चढवलेल्या बायकांच्या घोळक्यात ओरेली सगळ्यांच्या वर एक डोकं दिसत होती. तिळगूळ हातावर ठेवून मी तिला सांगितलं, हे खा आणि गोड बोल. "माझी कोच हे न खाताच गोड बोलते," ती म्हणाली.

तिची कहाणी मला स्वयंपाकघरात, भाजी निवडता निवडता, तुकड्यातुकड्यांनी कळली. अठराव्या वर्षी मिडवेस्टातल्या, म्हणजे अमेरिकेच्या मधल्या पट्ट्यातल्या, एका कॉलेजचा कोच विमानानं तिच्या गावी आला होता. तिच्या आईच्या हातचं जेवला आणि म्हणाला, आता ही माझी मुलगी.

"मी तिथे पोचले, आणि पुढच्याच उन्हाळ्यात तो मोठ्या कॉलेजात गेला."

"आणि मुलगी?"

"मुलगी तिथेच राहिली."

नवा कोच आला, त्यानं स्वतःची माणसं आणली. दुसऱ्या वर्षी तिचा गुडघा गेला. पडल्यावर ती जिवाच्या आकांतानं 'आय!' म्हणून ओरडली. पट्ट्या बांधणारी मुलगी धावत आली आणि विचारायला लागली, यू व्हॉट? तिला वाटलं हिनं इंग्रजीत वाक्य सुरू केलंय, 'मी...' असं, आणि ती बिचारी पुढचे शब्द यायची वाट बघत बसली. हे सांगताना ओरेली हसली. मला नाही हसू आलं.

गुडघा भरून येईस्तोवर त्या कॉलेजला ती नकोशी झाली. "पोर्टलवर नाव टाक," असं तिला सुचवलं गेलं. तिकडे खेळाडूंनी कॉलेज बदलायचं तर एक पोर्टल असतं. नाव टाकायचं आणि कुणी पसंत करतं का याची वाट बघायची. आमच्याकडे पोर्टलवर मुलींची नावं टाकतात ती लग्नासाठी, मी म्हटलं. "तिथेही गुडघा विचारतात?" तिनं विचारलं. मी सांगितलं, गुडघा सोडून सगळं विचारतात.

अशी ती न्यू जर्सीत आली. तिथल्या टीममधल्या दोन मुलींचे हसरे चेहरे मोटारींच्या दुकानाच्या जाहिरातीत हमरस्त्यावर लावलेले आहेत. त्यांना ते चालतं. ओरेलीला चालत नाही, कारण तिचा व्हिसा विद्यार्थ्याचा. जाहिरात म्हणजे काम, आणि काम म्हणजे गुन्हा. खेळून खेळून घामानं निथळणं हे मात्र काम नव्हे. हृषीला मी हे आश्चर्यानं सांगितलं तर तो लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाला, "हो, एफ-वनला तसंच असतं." त्याला त्यात काही नवल वाटलं नाही.

पण नव्या कॉलेजातही राखीव खेळाडूंचा बाक काही सुटला नव्हता. गुडघा बरा होता, डॉक्टरांची परवानगी होती, पण त्या मोसमात तिला उतरवलं होतं ते मॅचचा निकाल ठरून गेल्यावर, उरलेसुरले क्षण भरायला. एका संध्याकाळी मुग्धा तिला आणायला जिमकडे निघाली तेव्हा मीही गेले. कोच बाई दारातच भेटल्या. दात पांढरेशुभ्र, आवाज मधाळ. मी खेळाची मास्तरीण आहे म्हटल्यावर त्यांनी मला मिठीच मारली. "वी आर अ फॅमिली हिअर," म्हणाल्या. मग ओरेलीच्या पाठीवर थोपटून, "आणि सीनियर नाइटला ही पहिल्या पाचांत उतरणार. आमची परंपराच आहे. आईला बोलाव, किडो!"

मी माझ्या पोरींना फॅमिली कधीच म्हटलं नाही. गाढवं म्हणायचे. पण दहावीतल्या पोरींची शाळेतली शेवटची मॅच असली की त्यातली सगळ्यात लंगडी असेल तीसुद्धा कोर्टावर उतरायची, मग ढाल गेली तरी बेहत्तर. त्यामुळे परंपरा हा शब्द ऐकून माझा त्या बाईवर विश्वास बसला.

'सीनियर नाइट' म्हणजे मला ज्येष्ठ नागरिकांचा कार्यक्रम वाटला होता हेही सांगून टाकते. मी मुग्धाला विचारलंसुद्धा, "वयाचा दाखला लागेल का? माझं आधार कार्ड पर्समध्येच आहे." ती हसून हसून खाली बसली. सीनियर म्हणजे शेवटच्या वर्षाची मुलं. त्यांचा हा निरोप समारंभ. मोसमातल्या घरच्या शेवटच्या मॅचला आईवडिलांचा हात धरून कोर्टाच्या मध्यापर्यंत चालत जायचं, फुलं घ्यायची, फ्रेम केलेली जर्सी घ्यायची, आणि मग त्या मुलींनी मॅचला सुरुवात करायची.

इतक्या वर्षांत ओरेलीच्या आईनं लेकीला अमेरिकेत खेळताना एकदाही पाहिलं नव्हतं. तिनं पोस्टातून रजा काढली आणि तिकीट घेतलं.

हात बोलतात

तिचं नाव मार्तीन. ठेंगणी, रुंद खांद्यांची, केस बारीक कापलेले. तिला इंग्रजी शून्य, मला फ्रेंच शून्य. पहिल्या दिवशी ओरेली कॉलेजला गेलेली, हृषी-मुग्धा आपापल्या खोल्यांत दार लावून मीटिंगमध्ये, आणि आम्ही दोघी टेबलाशी एकमेकींकडे बघून नुसत्या हसत होतो. हसून हसून गाल दुखायला लागले.

जेवताना मुग्धा बाहेर आली आणि आग्रहानं तिच्या ताटात आणखी एक पोळी टाकायला लागली. मार्तीननं एका हाताचा तळवा आडवा धरला आणि दुसऱ्या हाताचं बोट खालून त्याला टेकवलं. टाइमआउट! मी खुर्चीतून उठलेच. माझ्या अंगात काय आलं कुणास ठाऊक, मी दोन्ही मुठी एकमेकींभोवती गरागरा फिरवल्या. ट्रॅव्हलिंग! तिनं टाळी वाजवून तीन बोटं पुढे केली. तीन सेकंदांचा नियम! ती गावातल्या क्लबात खेळली होती आणि अजून दर रविवारी पोराटोरांच्या मॅचेसना पंच म्हणून उभी राहते, हे मला संध्याकाळी ओरेलीकडून कळलं. पण त्याआधीच आमच्या भरपूर गप्पा झाल्या होत्या. पंचांच्या खुणा फ्रान्सात आणि नागपुरात त्याच आहेत.

मग पुढचे दिवस मजेचे गेले. हृषी फोन कानाला लावून घरभर येरझाऱ्या घालायला लागला की मार्तीन सोफ्यावरून मुठी फिरवायची, ट्रॅव्हलिंग. मुग्धानं मायक्रोवेव्हमध्ये चहा गरम केला की मी फाउलची मूठ वर करायचे. भांडी घासून माझी पाठ भरून आली की मार्तीन समोर यायची आणि छातीपुढे दोन्ही हात एकमेकांवर फुलीसारखे धरायची. ही बदलीची खूण. आतला खेळाडू बाहेर, बाहेरचा आत. मी ओले हात पुसत बाजूला व्हायचे आणि ती घासायला घ्यायची. हृषी हे बघून हसायचा. त्याला सगळ्या खुणा येतात. शाळेत असताना रोज संध्याकाळी तो माझ्या ग्राउंडवर कठड्यावर बसून गुण मांडायचा.

मॅचच्या सकाळी मार्तीननं केस धुतले, इस्त्री मागितली, निळा स्कार्फ काढून दोनदा बांधला. मग माझ्यासमोर येऊन हातांची फुली केली, एक बोट तळघराकडे, एक बोट पायाखाली. आज तळघरातली तिची लेक कोर्टावर उतरणार.

सीनियर नाइट

दुपारपासून बर्फ पडत होता. हृषीनं गाडी इतकी हळू चालवली की आम्ही पोचलो तेव्हा आतून बँडचा आवाज येत होता. दारावरच्या माणसानं हृषीला सांगितलं, कार्यक्रम सुरू झालाय, आता वरच बसा. नाव पुकारलं की आईनं या पायऱ्यांनी खाली यायचं. ओरेलीनं ते मार्तीनला आधीच समजावलं होतं. ती पायऱ्यांशेजारच्या खुर्चीवर कोट काढून, पर्स माझ्याकडे देऊन, टोकावर बसली.

निवेदकानं एक नाव पुकारलं. आई, बाप, दोन भाऊ आणि आजीसकट मुलगी मध्यापर्यंत चालत गेली. टाळ्या झाल्या. दुसरं नाव झालं. तिसरं नाव आलं, "ओ'रायली", आणि मागून पॅरिस, फ्रान्स असं काहीतरी. मार्तीन निळा स्कार्फ सारखा करत लेकीच्या नावाची वाट बघत बसली. मीही बसले. आमच्या ओळखीत ओ'रायली कुणी नव्हती, आणि पॅरिसचंही कुणी नव्हतं.

खेळाडू येतात त्या बोगद्यातून ओरेली एकटी बाहेर आली आणि वर बघायला लागली.

मी मार्तीनला ढोसलं. ती उठून पायऱ्यांवरून धावली. पण तिथे सगळं मिनिटामिनिटाला बांधलेलं असतं, कुणासाठी थांबत नाही. कॉलेजचं बोधचिन्ह म्हणून अस्वलाचा वेष घेतलेला एक माणूस कोर्टाच्या कडेला नाचत होता. त्यानं प्रसंगावधान राखून ओरेलीपुढे कोपर केलं, प्रेक्षक खदखदून हसले, आणि ती त्या अस्वलाचा हात धरून चालत गेली. फुलं, जर्सी, फोटो. मार्तीन खाली पोचली तेव्हा चौथं नाव पुकारून झालं होतं आणि कडेच्या दोरीपाशी तिला अडवलेलं होतं. ती परत वर आली. माझ्या मनात त्या लाल दाढीवाल्याचा चेहरा आला. चांगलं नाव ठेवलेल्या आयांची ही गत.

तरी म्हटलं, असू दे, चालणं काय, खेळणं खरं.

पहिल्या पाच जणी उतरल्या. त्यात ओरेली नव्हती. मार्तीननं बोटानं मोजल्या, पुन्हा मोजल्या. शेवटच्या वर्षाच्या बाकी तिघी होत्या, जाहिरातीतल्या दोघी त्यांतच, वर दोन भरवशाच्या. हृषी म्हणाला, "मेबी सेकंड हाफला." त्यांच्याकडे मुलींची मॅच चार क्वार्टरांची असते, त्यातलं एकेक क्वार्टर संपत गेलं. मी मॅच वाईट होती असं म्हणणार नाही, पोरी झकास खेळत होत्या आणि शेवटच्या क्वार्टरपर्यंत समोरची टीम पार मागे पडली होती. आता हरायची भीती नव्हती. आता कोणताही कोच बाक मोकळा करतो. कोच बाईंनीही केला. पहिल्या वर्षाच्या मुली एकामागून एक आत पाठवल्या. त्या पुढच्या वर्षी कामाला येणार होत्या. ओरेली पुढच्या वर्षी नसणार, मग तिला उतरवून फायदा काय? हा हिशेब मला वरून, मांडीवरचा कोट सारखा करताना, अगदी स्वच्छ दिसला.

घड्याळात अगदी थोडा वेळ उरला तेव्हा बाईंनी बाकाच्या टोकाकडे बोट केलं. ओरेलीनं अंगावरचं जाकीट असं फेकलं की ते शेजारणीच्या डोक्यावर पडलं. धावत ती गुण लिहिणाऱ्यांच्या टेबलापाशी गेली आणि एक गुडघा टेकवून बसली.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बदली खेळाडूला वाटेल तेव्हा आत जाता येत नाही. टेबलापाशी थांबायचं. खेळ थांबायला हवा, शिटी वाजायला हवी. बॉल बाहेर जाऊ दे, कुणी फाउल करू दे, किंवा कोचनं टाइमआउट मागू दे. शिटी नाही तर प्रवेश नाही.

आणि तिच्याच टीमच्या त्या नव्या पोरी बॉल एकमेकींना देत, वेळ खात, निवांत उभ्या होत्या. समोरच्यांनी आशा सोडली होती. त्याही अडवत नव्हत्या. मी उभी राहिले. मोठ्यानं ओरडले, "अगं फाउल कर! कुणीतरी एक फाउल करा गं!" बोर्डावर बाईंच्या नावचा टाइमआउट शिल्लक दिसत होता. एक शब्द बोलायचा होता. त्या शेजारच्या माणसाशी हसत बोलत होत्या.

मार्तीन उठली. तिनं छातीपुढे दोन्ही हातांची फुली केली आणि तशीच उभी राहिली. पंचाकडे बघून. मीही केली. आम्ही दोघी, एक निळ्या स्कार्फमधली आणि एक स्वेटरवर शाल घेतलेली, त्या हजारो माणसांत हातांची फुली करून उभ्या होतो. तेवढ्यात वरच्या भल्यामोठ्या पडद्यावर आम्हीच दिसायला लागलो. कॅमेऱ्यानं आम्हाला शोधलं होतं. लोकांना वाटलं ही कसली तरी जयजयकाराची नवी तऱ्हा. समोरच्या बाजूची कॉलेजची पोरं उठली आणि हातांच्या फुल्या करून नाचायला लागली. मग त्यांच्या मागची रांग. अस्वलानंही केली. ओरेलीनं टेबलापाशी गुडघ्यावर बसल्या बसल्या मान वर करून पडद्यावर आईला बघितलं.

भोंगा वाजला. मॅच संपली. ती उठली आणि तिथूनच परत फिरली. त्या रात्री खेळताना ती आईला क्षणभरही दिसली नाही. पडद्यावर आई मात्र तिला चांगली दिसली.

नंतर कोच बाई स्वतःहून वर आल्या, मार्तीनला मिठी मारली. "मी हिला पाठवलं होतं! घड्याळानं घात केला, सो अनलकी!" मार्तीननं लेकीकडे बघितलं. कोचचं ते वाक्य आईला फ्रेंचमध्ये करून सांगायचं काम ओरेलीवरच आलं. तिनं खाली बघत काहीतरी दोन-तीन शब्दांत सांगितलं. मार्तीननं उत्तर म्हणून कोच बाईंच्या तोंडासमोर पुन्हा हातांची फुली धरली. "लव्ह इट!" म्हणून बाईंनीही फुली केली, आणि पुढच्या आईबापांकडे वळल्या. मला त्या बाईचे केस ओढावेसे वाटले. कुणी अडवलं असतं तर वयाचा दाखला खरंच दाखवला असता.

गाडी निघाली. मागच्या सीटवर मायलेकी हातात हात घालून बाहेर बघत होत्या. फ्रेम केलेली जर्सी डिकीत होती. मी हृषीला मराठीत म्हटलं, "पोरीला गुडघ्यावर बसवून ठेवलं रे, सगळ्यांदेखत."

"बिझनेस आहे गं आई. पर्सनली नाही घ्यायचं," तो म्हणाला. थोडं पुढे गेल्यावर म्हणाला, "ॲटलीस्ट टेबलापर्यंत तरी पोचली ती. काही लोक नुसतेच..." आणि त्यानं काच पुसायचे वायपर जोरात केले. मला तेव्हा कळलं की हा ओरेलीबद्दल बोलत नाहीये.

नेवार्क

मार्तीन चार दिवसांनी गेली. निघताना तिनं माझे दोन्ही गाल आळीपाळीनं आपल्या गालांना टेकवले. मी तिला मेतकुटाची पुडी दिली. ते ती कशावर घालून खाणार, देव जाणे. ओरेलीची परीक्षा बाकी होती म्हणून ती राहिली. ती परत प्रॅक्टिसला गेली नाही. संध्याकाळी वर येऊन माझ्यासोबत वाटाणे सोलायची. "घरी जाऊन खेळशील ना?" मी एकदा विचारलं. "घरी जाईन," ती म्हणाली.

पुढे दोन आठवड्यांनी माझी निघायची वेळ आली. त्या दोन आठवड्यांत मी हृषीला एकदाही विचारलं नव्हतं की तू कधी येशील. विचारलं असतं तर त्यानं व्हिसाचं स्टॅम्पिंग सांगितलं असतं, वकील सांगितला असता, वर "बाबांच्या वर्षश्राद्धापर्यंत क्लिअर होईल बहुतेक" असं ते 'बहुतेक' लावलं असतं. हे 'बहुतेक' मी आठ वर्षं ऐकते आहे. त्या कोच बाईच्या 'फॅमिली'त आणि ह्यात मला आता फारसा फरक वाटेनासा झालाय.

नेवार्कच्या विमानतळावर तपासणीच्या रांगेपर्यंत तो आला. पुढे त्याला सोडत नाहीत. "आई, पोचल्यावर मेसेज कर. व्हीलचेअर सांगितलीये, घे, लाजू नकोस," असं म्हणून वाकून नमस्कार केला. मी पट्ट्यांच्या वळणांतून पुढे सरकत गेले. शेवटच्या वळणावर मागे वळून बघितलं. तो तिथेच कठड्याशी उभा होता, हातात माझी विसरलेली पाण्याची बाटली.

मी पर्स खाली ठेवली. छातीपुढे दोन्ही हातांची फुली केली आणि त्याच्याकडे बघत धरून ठेवली. चल, बाहेर ये. पुरे झालं तुझं. मागची बाई म्हणाली, मॅम, पुढे सरका. मी हात तसेच ठेवले.

हृषीनं माझ्याकडे बघितलं. मग बाटलीचा हात वर करून टाटा केला.

त्या खुणेचा अर्थ त्याला कळला नसेल असं मला कुणी सांगू नये. वयाच्या सातव्या वर्षापासून तो माझ्या ग्राउंडवर गुण मांडत होता.